साप्ताहिक घरसफाई सेवा: एक सविस्तर परीक्षण

घराच्या साफसफाईसाठी एका संस्थेमार्फत दर आठवड्याला मिळणारी सेवा आम्ही गेला बराच काळ घेत आहोत आणि ती पुढेही चालू ठेवणार आहोत. तरीही या सेवेबद्दल माझे मत सरसकट चांगले नाही. आमच्याकडे कायम येणाऱ्या ताई कामात अतिशय वाकबगार आहेत; त्यांच्या रजेच्या काळात बदली म्हणून आलेल्या व्यक्तीला मात्र संस्थेने पुरेसे शिकवलेले नव्हते आणि त्याची झळ आमच्या संगमरवरी ओट्याला बसली. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते अशा जवळजवळ प्रत्येक सेवेला लागू पडते. विकत घेतलेला सफाईचा वेळ नेमका कशावर खर्च होतो, कोणत्या पृष्ठभागावर कोणता पदार्थ चालतो हे काम करणाऱ्याला कोणी शिकवले आहे का, आणि घरातल्या माणसांनी स्वतः काय करून ठेवायचे, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर सेवा चांगली की वाईट हे ठरते.

संस्थेची पहिली चांगली बाजू म्हणजे काम सुरू करण्यापूर्वी त्यांनी घर पाहून घेतले. पाहणीला आलेल्या व्यक्तीने खोल्यांची संख्या विचारून काम संपवले नाही. ओटा कोणत्या दगडाचा आहे, फरशीला पॉलिश आहे का, कपाटांची दारे लाकडाची आहेत की लॅमिनेटची, घरात कोणाला दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास आहे का, अशी विचारपूस करून सर्व उत्तरे लिहून घेतली. फोनवरच्या दोन वाक्यांवर घराचा अंदाज बांधून वेळ आणि मोबदला ठरवणाऱ्या सेवांपेक्षा ही पद्धत कितीतरी चांगली आहे. मात्र लिहून घेतलेली ही माहिती पुढे काम करणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोहोचत नव्हती, हे नंतर लक्षात आले.

सुरुवातीला एकदा संपूर्ण घराची सखोल सफाई आणि त्यानंतर आठवड्याची नेहमीची सफाई, असा क्रम ठरला. हा क्रम योग्यच आहे. साचलेला थर काढणे आणि नवा थर साचू न देणे ही दोन वेगळी कामे आहेत; पहिल्याला वेळ आणि ताकद लागते, दुसऱ्याला सातत्य. सखोल सफाई न करता थेट साप्ताहिक सेवा सुरू केली, तर प्रत्येक फेरीतला वेळ जुन्या चिकट डागांशी झटापट करण्यात जातो आणि रोजच्या धुळीला न्याय मिळत नाही.

सखोल सफाईच्या दिवशी ताईंनी स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. चिमणीची जाळी काढल्यावर ती ॲल्युमिनियमची आहे की स्टीलची, हे त्यांनी आधी विचारले. तेलकट थर काढण्यासाठी धुण्याच्या सोड्यासारखे तीव्र क्षारयुक्त द्रावण फार उपयोगी पडते, पण ॲल्युमिनियम त्याने काळे पडते आणि खराबही होते. आमची जाळी ॲल्युमिनियमची असल्याने त्यांनी ती गरम पाण्यात भांडी घासण्याचा सौम्य साबण घालून बुडवून ठेवली आणि तेवढ्या वेळात कपाटांच्या दारांवरचे हातांचे डाग पुसून घेतले. जाळी पाण्यातून बाहेर काढली, तेव्हा बहुतेक थर मऊ होऊन सुटला होता आणि उरलेला ब्रशच्या हलक्या फेऱ्यांत निघाला. जोर लावून घासताना एकदाही दिसल्या नाहीत.

यामागे एक साधे शास्त्र आहे. हेन्केल या जर्मन डिटर्जंट कंपनीतील रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ साली मांडलेल्या विचारानुसार कोणत्याही सफाईत चार गोष्टी एकत्र काम करतात: रसायन, घासण्याची क्रिया, तापमान आणि वेळ. यांपैकी एक गोष्ट कमी केली, तर उरलेल्यांतून तिची भरपाई करावी लागते. साबण लावून लगेच पुसणारी व्यक्ती वेळेची भरपाई मनगटाच्या जोराने करत असते, आणि तो जोर पृष्ठभागावर ओरखडे उठवतो, शिवाय काम करणाऱ्याचे खांदेही दुखवतो. तेव्हा सफाईला आलेली व्यक्ती द्रावण लावून दुसऱ्या कामाकडे वळते का, हे पहिल्याच दिवशी पाहावे. कामाची जाण ओळखण्याची याहून सोपी खूण मला माहीत नाही.

त्यांच्या पद्धतीतल्या आणखी काही गोष्टी लिहून ठेवण्यासारख्या आहेत. प्रत्येक खोलीत काम वरून खाली आणि दूरच्या कोपऱ्यापासून दाराकडे येत असे, म्हणजे झटकलेली धूळ पुसून झालेल्या जागी पुन्हा बसत नसे. पंख्याचे पाते पुसताना त्यावर जुन्या उशीची खोळ चढवून दोन्ही हातांनी पाते दाबत ती बाहेर ओढत असत. सगळी धूळ खोळीच्या आत राही आणि खालच्या पलंगावर कणही पडत नसे. मायक्रोफायबरचे फडके चौपदरी घडी घालून वापरायचे आणि एक बाजू मळली की घडी उलटून दुसरी काढायची, यामुळे एकाच फडक्याच्या आठ स्वच्छ बाजू मिळतात आणि घाण एका जागेवरून दुसऱ्या जागेवर फासली जात नाही. विजेच्या बटनांवर त्या कधीच थेट फवारा मारत नसत. फडके किंचित ओले करून मगच बटने पुसत. न्हाणीघरात पाणी टाकण्याआधी फरशी कोरडी झाडून केस आणि धूळ उचलत, कारण ओला केस फरशीला चिकटून बसतो आणि मग निघता निघत नाही.

नळांच्या बुडाशी जमलेल्या पांढऱ्या थराचे कामही नीट झाले. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि साबणाने तो जात नाही. त्याला आम्ल लागते. ताईंनी सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवलेले फडके नळाभोवती गुंडाळून ठेवले, काही वेळाने जुन्या टूथब्रशने कडेच्या खाचा साफ केल्या, भरपूर पाण्याने धुतले आणि कोरड्या फडक्याने पुसले. हे शेवटचे पुसणे अनेक जण टाळतात. वास्तविक, नळावर राहिलेले पाणी वाळले की त्यातले क्षार तिथेच उरतात आणि नवा थर त्याच दिवशी सुरू होतो.

आता तक्रारीकडे येतो. ताई रजेवर असताना संस्थेने बदली व्यक्ती पाठवली. तिने न्हाणीघरातले क्षार काढण्याचे तेच आम्लयुक्त द्रावण स्वयंपाकघरातल्या संगमरवरी ओट्यावरही वापरले. संगमरवर हा दगड स्वतःच प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. ज्या आम्लात नळावरचा थर विरघळतो, त्याच आम्लात संगमरवराचा वरचा गुळगुळीत भागही विरघळतो, आणि तिथली चकाकी जाऊन पांढरट, खरखरीत चट्टे पडतात. हे चट्टे पुसून जात नाहीत; दगडाला पुन्हा पॉलिश करावे लागते. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर यांना नैसर्गिक म्हणून निर्धोक समजले जाते, पण संगमरवरावर तेही असेच काम करतात.

याचा दोष मी त्या बदली आलेल्या व्यक्तीला देत नाही. तिच्या हातात बिनलेबलच्या बाटल्या होत्या आणि आमच्या घराच्या पाहणीत लिहिलेली दगडाची नोंद तिला कोणी दाखवलेली नव्हती. संस्थेकडे तक्रार केल्यावर त्यांनी त्याच दिवशी दिलगिरी व्यक्त केली आणि पुढची एक सफाई विनामूल्य देऊ केली. पॉलिशचा खर्च मात्र त्यांच्या अटींत बसत नाही, असे कळवले. मला हे उत्तर पटलेले नाही. नुकसान झालेल्या वस्तूची भरपाई आणखी थोड्या सेवेने होत नसते. जी संस्था प्रशिक्षित मनुष्यबळ पुरवत असल्याचे सांगून मोबदला घेते, तिने प्रशिक्षणातल्या उणिवेची जबाबदारीही घ्यायला हवी. नुकसानभरपाई आणि विमा यांविषयी करारात काय लिहिले आहे, हे सेवा सुरू करण्याआधी वाचावे आणि मोघम वाक्य असेल तर ते स्पष्ट करून मागावे.

बिनलेबलच्या बाटल्यांबद्दल थोडे अधिक लिहिणे आवश्यक आहे, कारण येथे प्रश्न दगडाच्या चकाकीपुरता राहत नाही. ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असते. ते कमोड साफ करण्याच्या आम्लयुक्त द्रावणात मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, आणि अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरमध्ये मिसळले तर क्लोरामाइन वायू तयार होतात. दोन्हींमुळे डोळे आणि श्वसनमार्ग यांना गंभीर इजा होऊ शकते. बंद दाराच्या लहानशा न्हाणीघरात एकामागून एक दोन वेगळी द्रावणे वापरली जातात, तेव्हा हा धोका खरोखरच उभा राहतो. त्यामुळे प्रत्येक बाटलीवर नाव असावे, एका वेळी एकच पदार्थ वापरून पाण्याने पूर्ण धुतल्याशिवाय दुसरा लावू नये आणि खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा चालू असावा, हा आग्रह आपण धरलाच पाहिजे. आपल्या घराइतकीच काम करणाऱ्या माणसाच्या फुप्फुसांची काळजी त्यात आहे, कारण आपण ते द्रावण आठवड्यातून एकदा हुंगतो आणि ती व्यक्ती दिवसातून अनेक घरांत.

फडक्यांच्या बाबतीतही बदलीच्या काळात ढिलाई दिसली. ब्रिटनमधल्या व्यावसायिक सफाई क्षेत्रात रंगांची एक पद्धत रूढ आहे: शौचालयासाठी लाल, वॉशबेसिन आणि न्हाणीघराच्या इतर भागांसाठी पिवळे, स्वयंपाकघरासाठी हिरवे आणि इतर खोल्यांसाठी निळे फडके. घरात चार रंग ठेवलेच पाहिजेत असे नाही, परंतु शौचालयाचे फडके निराळे आणि एका नजरेत ओळखू येणारे असावे. तक्रारीनंतर आम्ही स्वतःची फडकी आणि बादल्या ठेवल्या. एका घरातली घाण दुसऱ्या घरात जाण्याचा प्रश्नही त्यामुळे उरला नाही.

एवढे लिहूनही या सेवेचा सर्वांत मोठा धडा आम्हाला आवराआवरीबाबत मिळाला. सुरुवातीच्या आठवड्यांत ताई आल्या की त्यांचा बराच वेळ वस्तू उचलण्यात जात असे. टेबलावरची कागदपत्रे, खुर्च्यांवरचे कपडे, ओट्यावरच्या बाटल्या, पलंगाखालची खेळणी हे सारे बाजूला केल्याशिवाय धूळ दिसतच नव्हती. त्या वस्तू कुठे ठेवायच्या हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते, म्हणून त्या नीट गठ्ठे करून ठेवत, आणि संध्याकाळी घरातला प्रत्येक जण आपापली वस्तू शोधत फिरे. मोबदला आम्ही धूळ काढण्याचा देत होतो आणि काम मात्र सामान हलवण्याचे होत होते.

एका दिवशी मी ताईंना सरळ विचारले, “आम्ही काय करून ठेवले तर तुमचे काम सोपे होईल?” त्या म्हणाल्या, “टेबल, ओटा आणि जमीन, एवढ्या तीन जागा मोकळ्या ठेवा. कपाटात कसेही कोंबले असले तरी माझे काही अडत नाही.” सफाईच्या आदल्या रात्री या तीन जागा मोकळ्या करण्याचे काम आम्ही घरात वाटून घेतले, आणि तेवढ्याच वेळात त्यांचे हात खिडक्यांच्या खाचांपर्यंत, दारांच्या वरच्या कडांपर्यंत, फ्रिजच्या दाराच्या रबरी पट्टीपर्यंत पोहोचू लागले. पूर्वी या जागांना वेळच उरत नसे.

मोकळ्या जागा टिकवायच्या, तर वस्तूंना ठरलेले घर लागते. जी वस्तू रोज पडून राहते तिच्यासाठी बहुधा जागाच नेमलेली नसते, किंवा नेमलेली जागा वापराच्या ठिकाणापासून लांब असते. चष्मा, किल्ल्या, चार्जर, औषधे, टपालाचे कागद या नेहमीच्या वस्तूंचा आम्ही याच नजरेने विचार केला. कागद दाराजवळच वाचून नको ते तिथेच टाकायचे आणि हवे ते एकाच फाइलमध्ये ठेवायचे, हे ठरल्यावर जेवणाच्या टेबलावरचा ढीग नाहीसा झाला. रोज लागणारे सामान कमरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंतच्या फळ्यांवर आणि क्वचित लागणारे त्याच्या वर किंवा खाली आले. मुलांच्या खेळण्यांसाठी झाकणाच्या पेट्या काढून उघड्या टोपल्या ठेवल्या, कारण झाकण उघडण्याच्या एका जास्तीच्या हालचालीमुळेही मूल वस्तू जागेवर ठेवायचा कंटाळा करते. प्रत्येक कपाटात एक फळी अर्धी रिकामी ठेवली आहे. ठासून भरलेल्या कपाटात घेतलेली वस्तू परत ठेवणे हेच एक काम होऊन बसते. आणि ज्या शोभेच्या वस्तूंकडे आमचे लक्षही जात नव्हते, त्या आम्ही काढून टाकल्या, कारण फळीवरची प्रत्येक वस्तू म्हणजे दर आठवड्याला उचलून पुसायची आणखी एक वस्तू.

दोन साप्ताहिक फेऱ्यांच्या मधल्या दिवसांतली सफाई पूर्णपणे सेवेवर सोडता येत नाही, हेही स्पष्टपणे सांगायला हवे. तेलाचा पातळ थर हवेत राहिला की ऑक्सिजनमुळे हळूहळू घट्ट होतो आणि त्याचे चिवट, चिकट आवरण बनते. ओटा आणि शेगडी त्याच दिवशी कोमट साबणाच्या पाण्याने पुसली तर जे काम क्षणात होते, ते आठवड्याने फार कष्टाचे ठरते. अंघोळीनंतर काचेवरचे पाणी वायपरने खाली ओढले, तर क्षारांचे डाग जवळजवळ पडत नाहीत. दाराच्या बाहेर आणि आत अशी दोन पायपुसणी ठेवल्यावर फरशीवरची माती डोळ्यांना दिसण्याइतकी कमी झाली. पलंगाची चादर आणि उशांच्या खोळी यांची धुलाई या सेवेत नाही. ज्यांना धुळीतल्या माइटची (डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म किड्यांची) ॲलर्जी आहे, त्यांनी या गोष्टी ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात धुतलेल्या बऱ्या, कारण त्या तापमानाला माइट मरतात.

जंतुनाशकाच्या बाबतीत माझे मत संस्थेच्या जाहिरातीपेक्षा वेगळे आहे. घरभर जंतुनाशक फवारण्याची जोडसेवा त्यांनी आम्हाला सुचवली होती. आम्ही ती घेतली नाही. रोजच्या घरासाठी साबण आणि पाणी बहुतेक ठिकाणी पुरेसे असते. जिथे जंतुनाशक खरोखर लागते, उदाहरणार्थ शौचालय किंवा आजारी माणसाची खोली, तिथे आधी घाण काढून मग द्रावण लेबलवर लिहिलेल्या वेळेपर्यंत ओले राहू द्यावे लागते. मळलेल्या पृष्ठभागावर फवारा मारून लगेच पुसल्याने वास येतो, निर्जंतुकीकरण होत नाही.

व्यक्ती थेट नेमावी की संस्थेमार्फत, हा निर्णय प्रत्येकाने आपल्या गरजेप्रमाणे घ्यावा. थेट नेमल्यास तीच व्यक्ती येते, घर तिच्या ओळखीचे होते आणि दिलेला मोबदला पूर्णपणे तिच्या हाती पडतो. मात्र तिची रजा, आजारपण आणि सुरक्षितता यांची जबाबदारीही आपल्यावर येते आणि ती मनापासून घ्यावी लागते. संस्थेमार्फत बदली मिळते, पण आपण दिलेल्या रकमेतला किती भाग काम करणाऱ्याला मिळतो हे विचारल्याशिवाय कळत नाही. आम्ही ते विचारले. उत्तर देण्यास संस्थेने आधी टाळाटाळ केली, नंतर दिले.

हा प्रश्न चौकसपणाचा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात ७ कोटी ५६ लाख घरकामगार आहेत आणि त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया आहेत. याच संघटनेने २०११ साली स्वीकारलेल्या आणि २०१३ पासून अमलात आलेल्या करार क्रमांक १८९ मध्ये कामाच्या अटी कामगाराला समजतील अशा रीतीने, शक्य तिथे लेखी, कळवाव्यात आणि आठवड्यातून सलग किमान २४ तासांची विश्रांती मिळावी असे म्हटले आहे. ज्या घरात आपण रोज विसावतो ते घर दुसऱ्या कोणाच्या विश्रांतीतून तास काढून स्वच्छ होत असेल, तर ती सेवा मला नको आहे. ताईंना आठवड्याची सुट्टी आणि लेखी अटी मिळतात, याची खात्री झाल्यावरच आम्ही सेवा पुढे चालू ठेवली.

तासांवर मोबदला ठरवावा की कामांवर, याबद्दलही एक सूचना करतो. सखोल सफाईसाठी कामांची यादी बरी, कारण घर कितपत मळले आहे याचा अंदाज दोन्ही बाजूंना आधी नीट बांधता येतो आणि काम अर्धवट राहत नाही. आठवड्याच्या फेरीसाठी मात्र तास चांगले. त्यात खोल्या आलटून पालटून घेता येतात आणि काम करणाऱ्यावर घाईचा ताण येत नाही. आमच्याकडे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि फरशी ही कामे प्रत्येक वेळी होतात, तर खिडक्या, पंखे, कपाटांचे माथे आणि पडद्यांचे दांडे यांतले एक काम पाळीपाळीने होते. ही पाळी फ्रिजच्या दारावर लावलेल्या कागदावर ताई स्वतःच लिहून ठेवतात.

कराराचे नूतनीकरण करताना आम्ही संस्थेला दोन गोष्टी लेखी मागितल्या. पहिली, बदली येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला आमच्या घराच्या पाहणीची नोंद आधी दाखवली जावी आणि तिच्याजवळच्या सर्व बाटल्यांवर लेबल असावे; ही अट त्यांनी मान्य केली आणि त्यानंतर आलेल्या बदली व्यक्तीने ओट्यासाठी स्वतःहून सौम्य साबणच मागितला. दुसरी, चुकीच्या द्रावणामुळे झालेल्या नुकसानीची दुरुस्ती संस्थेने करावी. तिच्यावरचे त्यांचे उत्तर अजून आलेले नाही, आणि ते येईपर्यंत वर्षभराचा करार न करता आम्ही महिन्यामहिन्याने सेवा घेत आहोत.